नंबर सहाची बाटली

८ जुलै २००२, सोमवार

दुपारी कारखान्यात फोन. कॉलेजातून. कुणी बाई. "अश्विनीचे वडील ना? एकदा भेटून जाल का?" म्हटलं, फी भरलेली आहे, पावती माझ्याकडे आहे. "फीचं नाही हो. कॉलेज सुरू झाल्यापासून ती प्रॅक्टिकलला एकदाही आलेली नाही."

एकदाही. रोज सकाळी डबा, जर्नल, ॲप्रन घेऊन घराबाहेर पडते. एस.वाय. बी.एस्सी., केमिस्ट्री. ॲप्रन सौ. दर शनिवारी धुते. आता आठवतं, जूनपासून त्यावर एक डाग नव्हता. ना ॲसिडचा, ना शाईचा. मी दिवसभर प्रेशर गेज तपासतो, काटा केसभर सरकला तरी धरतो. आणि घरात हे.

संध्याकाळी विचारलं, "कुठे जातेस?"
"कुठे नाही."
"कुठे नाही हे वसईत कुठल्या बाजूला आलं?"

रडली असती तर बरं. भिंतीकडे बघत उभी. मग मी बोलतच गेलो. जुनी अकरावी नापास माणूस रद्दीतली पुस्तकं वाचून ड्रॉइंग शिकला, इंग्रजी शिकला, फोरमन झाला. तुला बसायला टेबल आहे, दिवा आहे. हे नाटक कुठल्या स्पर्धेसाठी बसवलंयस? सौ. म्हणाली, "पुरे ना." मी पुरे केलं नाही.

९ जुलै

अर्धी रजा. तिच्या मागे गेलो, अंतर ठेवून. किल्ल्याची बस. किल्ल्यातून सरळ बंदरावर. होड्या बंद, जेट्टीवर शेवाळ. टोकाला जाऊन बसली. डबा उघडून कुत्र्यांना घातला. पोळीचे तुकडे चौघांत अगदी सारखे केले. तेवढं माझं आलंय तिच्यात.

शेडखाली एक म्हातारा जाळं शिवत होता. मला न्याहाळून म्हणाला, "पोरगी कोन तुमची?"
म्हटलं, मुलगी.
"रोज येते. पानी बघते न् जाते. पयल्या दिसी टोकाला लय येल उबी होती. आमी भियालो. तवापासून आमच्यातला एकजन हितं बसतोच. आज माजी पाळी."

पाळी लावली आहे. कोण कुठली माणसं, माझ्या मुलीवर पाळी लावून बसतात.

तिला हाक न मारता परत आलो. का, ते लिहीत नाही.

१० जुलै, बुधवार

त्या बाईंना भेटलो. लोपीस मॅडम. उमेळ्याच्या. तिशीच्या आतल्या. केस कापलेले, गळ्यात बारीक क्रूस. सोमवारी, बुधवारी नि शुक्रवारी कॉलेजात बसतात. खोली म्हणजे खेळाच्या सामानाची जुनी कोठी. भिंतीला टेकून कॅरमबोर्ड, कोपऱ्यात मैदान आखायच्या फक्कीची गोणी. दाराची वरची बिजागरी सैल, दार सूतभर खाली घासतं. बाहेर पाटी नाही.

"होती पाटी. समुपदेशन कक्ष. वर्षभर एक मूल फिरकलं नाही. मग ती काढली आणि ही लावली." दारामागे खिळ्याला बॅडमिंटनची रॅकेट. आत येऊन बोलून गेलेलं पोर जाताना रॅकेट हातात घेऊन बाहेर पडतं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, सामान न्यायला आलं होतं. संध्याकाळी आणून टांगतं.

म्हटलं, ही लबाडी झाली.
"झाली. पण मुलं येतात."

अ. स्वतःहून तीनदा येऊन गेली म्हणे. काय बोलली?
"ते या खोलीच्या बाहेर जात नाही."
"मी बाप आहे तिचा."
"म्हणून तर नाहीच."
"माझ्याशी बोलायला तिला काय झालं?"
"तुमच्याशी बोलायचं तर आधी सगळं बरोबर असावं लागतं, काका. तिला सध्या स्वतःचं काहीच बरोबर वाटत नाहीये."

शेवटी म्हणाल्या, नुसत्या बोलण्याने भागणार नाही, माणिकपूरला डॉक्टर आहेत, मनाचे, त्यांना दाखवा. म्हटलं, वेड्यांचे म्हणा. त्यावर: "तुमचा चष्मा आंधळ्यांच्या डॉक्टरांनी दिलाय का?"

जीभ आहे बाईला. गेलो ते मात्र जेट्टीमुळे. बाईमुळे नव्हे.

१८ जुलै, गुरुवार

माणिकपूर. जिन्यात ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, ते घरूनच ठरवून निघालो होतो. त्याच मजल्यावर दातांचा डॉक्टर आहे. अ.ला बजावलं, गालाला हात लावून चढ. तिने लावला.

आत तिला बराच वेळ विचारलं. मला बाहेर बसवून. मग मला बोलावलं. आजार आहे, बरा होतो, रात्री जेवल्यावर एक गोळी. म्हटलं, कशावरून आजार? तुम्ही काही मोजलं नाही.
"तुम्हाला डायबेटीस आहे म्हणालात ना?"
"त्याला रिपोर्ट आहे. आकडा आहे. हे कशाने मोजलंत?"
"विचारून."

विचारून! गेजला विचारायचं, बाबा रे, तुझ्यात प्रेशर किती?

निघताना दोनदा बजावलं, मनाने बंद करायची नाही, एकदम तर नाहीच. त्रास होतो. गिऱ्हाईक धरून ठेवायची ही रीत सगळ्यांकडे असते. चिठ्ठी मी माझ्या कपाटात ठेवली.

२१ जुलै, रविवार

खालच्या मेडिकलमधून घ्यायची सोय नाही. भावेश तोंडाने काही बोलत नाही, पण पिशवी पारदर्शक देतो. म्हणून विरारला जाऊन आगाशीची बस धरली. तिथे कोण ओळखतं. बाजारात दुकान होतं, घेतल्या. देवळाच्या तळ्याच्या पायरीवर बसून गोळ्या पाकिटांतून काढून बाटलीत भरल्या. रिकामी पाकिटं तिथेच टाकली.

बाटली कोणती, हा माझा विचार. घरात माझी बाराक्षाराची पेटी आहे. बारा बाटल्या, बारा क्षार, दुधाच्या साखरेच्या पांढऱ्या गोळ्या. वीस वर्षं अभ्यास. बिल्डिंग मला 'डॉक्टर' म्हणते, निम्मी चेष्टेने. पण मूल रडायला लागलं की माझीच बेल वाजवतात. त्यातली सहा नंबर मज्जातंतूंची. तिच्यातल्या गोळ्या काढून कपाटात डबीत ठेवल्या, आणि माणिकपूरच्या गोळ्या सहाच्या बाटलीत. आकार सारखा, रंग सारखा. आता अ. सगळ्यांसमोर घेऊ दे. घरचंच औषध.

सौ.ला पटलं. अ. म्हणाली, "म्हणजे मी दातांची पेशंट नाही, तुमची." यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही. पण जूननंतर पहिल्यांदा हसली.

१९ ऑगस्ट

फरक आहे. नाकारत नाही. कॉलेजला जाते. ॲप्रनवर निळा डाग. सौ.ने तो घासून काढला तेव्हा मला वाईट वाटलं.

परवा माणिकपूरला दाखवलं. आता तीन महिन्यांनी या म्हणाले, नोव्हेंबरात. गोळी चालू.

पण फरक कशाने? गोळीने? लोपीस मॅडमकडे दर बुधवारी जाते, त्याने? की त्या दिवशी मी खरमरीत बोललो त्याने? दोन स्क्रू एकदम फिरवले की काटा कुठल्याने हलला, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. कारखान्यात आमच्या शॉपमध्ये कुणी असं केलं तर मी त्याला उभा करतो.

आणि घरात सारखं 'मॅडम म्हणतात'. मॅडम म्हणतात, झोप पूर्ण घे. मॅडम म्हणतात, नाही म्हणायला शीक. काल मला 'नाही' म्हणाली. साध्या पाण्याच्या तांब्यावरून.

११ सप्टेंबर, बुधवार

गणपतीचा दुसरा दिवस. घरात माणसं. वरच्या मजल्यावरच्या शिर्के वहिनी आरतीला आल्या, जागरणाने गळून गेले म्हणाल्या. "भावजी, ती तुमची सहा नंबर द्या ना." मी हातात तबक घेऊन उभा. सौ.ने पेटी उघडून सहाची बाटली काढली, बूच उघडलं, चार गोळ्या वहिनींच्या तळहातावर.

मी तबक खाली ठेवून वहिनींच्या हातावर फटका मारला. गोळ्या पाटाखाली गेल्या. म्हटलं, जुन्या झाल्यात, वास लागलाय. आणि सौ.ला, सगळ्यांदेखत, "जिथे अक्कल नाही तिथे हात घालू नये."

"डॉक्टर रागावले गं बाई!" वहिनी हसल्या. सौ. हसली नाही. अ. खाली वाकून पाटाखालच्या गोळ्या वेचत होती. एकेक करून चारही माझ्या हातात दिल्या.

झोपताना लक्षात आलं. सौ. वीस वर्षं या गोळ्या हाताळते. बाटलीत काय आहे ते तिला माहीत होतं आणि तरी घोटाळा झाला. म्हणजे डोळ्यांनी फरक कळत नाही. कुणालाच.

१५ सप्टेंबर, रविवार

गौरी-गणपती गेले. घर रिकामं.

शॉपमधला व्हर्नियर आणला होता. दोन्ही गोळ्या लावून बघितल्या. व्यास सारखा. जाडीत दोन शतांश मिलिमीटर. बोटाला लागणार नाही. दोन्ही कोऱ्या, खूण नाही.

एक स्क्रू एका वेळी. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, कॉलेज, बुधवार, जेवण. फक्त बाटलीतली गोळी बदलायची. खरी सहा सहाच्या बाटलीत परत. तिला सांगायचं नाही, सौ.लाही नाही. सांगितलं की रीडिंग बिघडतं. जगभर असंच करतात, मी वाचलंय. टिकली तर माझी मुलगी विषाशिवाय बरी आहे हे सिद्ध होईल. नाही टिकली तर माणिकपूरच्या आता डबीत आहेतच.

आज रात्रीपासून सुरू. पाण्याबरोबर घेतली. घेताना पेला तोंडाशी जरा थांबला. इतकंच.

१८ सप्टेंबर

अ.ला गरगरतं. जेवली नाही. कॉलेजला गणपतीची सुट्टी, तेव्हा घरीच पडून. अंगातलं जुनं विष बाहेर पडताना प्रथम त्रास वाढतो, पुस्तकात स्पष्ट आहे. धीर धरला पाहिजे. मी धरतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

चप्पल घालून दुपारी बाहेर पडली, काळोख पडल्यावर आली. सलवार गुडघ्यापर्यंत ओली. कुठे होतीस?
"मैत्रिणीकडे."
"मैत्रीण तळ्यात राहते का?"
जेवणानंतर गोळी घ्यायला मात्र आपण होऊन आली. माझ्याकडे बघत घेतली. मी पेपर वाचत होतो.

२३ सप्टेंबर

न्हाणीघरात रडते. नळ सोडून. सौ. दाराबाहेर उभी. मला म्हणाली, "त्या डॉक्टरांना फोन लावू का?" म्हटलं, खबरदार. सोंगाला पाणी घातलं की ते वाढतं. दाराशी जाऊन मोठ्याने म्हटलं, "दोन महिने चालला हा प्रयोग, संपला, आता नवीन नाटक काढ."

नळ बंद झाला. टाकीतलं पाणी तरी वाचलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

कॉलेज सुरू झालं. परवा सकाळी गेली, संध्याकाळी जरा सावरून आली. आज जेवली. भाकरी मागून घेतली. ओळीत आलं. पुस्तक म्हणतं तसंच. आधी चढ, मग उतार.

जेवण झाल्यावर म्हणाली, "बाबा, आजपासून गोळी तुम्हीच द्या. तुमच्या हाताला गुण आहे."

बूच उघडून दिली. तळहात पुढे केला होता, लहानपणी प्रसादाला करायची तसा. उजव्या हाताला खालून डाव्याचा आधार देऊन.

६ ऑक्टोबर, रविवार

छान दिवस. रोज गोळी माझ्याच हातून घेते. घेताना "थँक्यू, बाबा" म्हणते. पूर्वी कधी म्हणायची नाही.

आज टेबलाशी बसून तिने मला टायट्रेशन शिकवलं. ब्युरेट नाही, तर चमच्याने आणि चुना-हळदीने. हळदीच्या पाण्यात चुना पडला की लाल. म्हणाली, "रंग बदलतो तो एक थेंब असतो, बाबा. तो धरायचा." मी धरला, पहिल्याच खेपेला. टाळी दिली तिने.

मग म्हणाली, "आणि तो थेंब चुकला, पुढे गेलात, तर काय करायचं माहितेय?"
"काय?"
"सांगून टाकायचं. 'चुकलो' म्हणायचं, सगळं ओतायचं, परत पहिल्यापासून. आकडा दाबून पुढे नाही जायचं."
म्हटलं, आमच्या शॉपमध्येही तेच.
"हो ना?" म्हणाली. बराच वेळ बघत होती. सौ. आतून म्हणाली, "अशू, उठ, ताटं घे."

अशी मुलगी मला कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काल दसरा झाला. आज लोपीस मॅडमकडे गेलो. न बोलावता. आत एक पोरगा होता, दार घासल्याचा आवाज झाला तसा उठला, रॅकेट घेऊन गेला. मिशी नीट फुटली नव्हती. डोळे लाल.

मी सरळ सांगितलं. महिना झाला, तुमच्या डॉक्टरची गोळी बंद आहे. खाते ती साखर. बघा मुलगी. बघा आणि सांगा मला, काय मोजता तुम्ही लोक.

मला वाटलं बाई उसळेल. बाई टेबलावरचं बॅडमिंटनचं फूल कुस्करत बसल्या. "झालं सांगून?"
"झालं."
"हे तिला सांगितलंत?"
"सांगितलं तर प्रयोग कसला."
"मग आधी तिला सांगा, काका. आज सांगा. माझ्याकडून काही बाहेर जात नाही, ना तिचं, ना तुमचं. पण मी हात जोडते, आज सांगा."

आणि खरंच जोडले. निरुत्तर झालेला माणूस हात जोडतो. बाहेर पडताना दार मुद्दाम उचलून धरून नीट लावलं.

तिला सांगेन. पण असं चोरासारखं, स्वयंपाकघरात नाही. दिवाळीत, चार माणसांत. तिचंही कौतुक व्हायला हवं की.

६ नोव्हेंबर, बुधवार. भाऊबीज.

लिहायला बसलोय. जसं झालं तसं लिहितो.

सौ.चा भाऊ सुधीर डोंबिवलीहून जेवायला. आम्ही चौघंच. जेवणं होत आली, अ.चं आधी झालं, तिने सवयीने तळहात पुढे केला. मी बाटली पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, सुधीर, ही बाटली बघ. तुझ्या भाचीला जुलैत माणिकपूरच्या मनाच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं होतं.

"अशूला? म्हणजे, काय झालं होतं?" सुधीरचा घास हातात राहिला. अ.ने हात मागे घेतला नाही.

मी सगळं क्रमाने सांगितलं. जेट्टी, गोळ्या, आगाशी, व्हर्नियर. गणपतीनंतर बदल. आणि शेवट: "सात आठवडे ही पोरगी माझ्या साध्या सहा नंबरवर आहे. हिला ठाऊकही नाही. आणि बघ, फर्स्ट क्लास!"

टाळी देणार होतो.

अ. म्हणाली, "ठाऊक होतं."

"काय?"

"पहिल्याच रात्री. गोड लागली." आवाज चढवला नाही, जर्नल वाचून दाखवावं तसं. "ती गोळी कडू आहे, बाबा. जिभेला लागते न लागते तोच तोंड वाकडं होतं. आणि तुमच्या गोळ्या मी तिसरीपासून चघळतेय. आकार मोजलात. चव नाही घेतली?"

कशी घेणार. मला डायबेटीस. मी साखर तोंडात धरत नाही.

"चिठ्ठी तुमच्या कपाटात, कुलपात. कॉलेज बंद. ते दहा दिवस मी काही न घेता काढले. ती ओली सलवार आठवते? मी जेट्टीवर होते. तो जाळंवाला आजोबा मला बखोटीला धरून बसस्टॉपपर्यंत सोडून गेला. कॉलेज उघडल्यावर मॅडमनी परत डॉक्टरांकडे नेलं. तेव्हापासून गोळ्या ॲप्रनच्या खिशात आहेत. रोज घेते. तुमच्यासमोर तुमची, आणि आत जाऊन माझी."

"मग इतके दिवस माझ्या हातून कशाला घेत होतीस?"

"बघत होते. कितव्या दिवशी तुमचा हात थांबतो."

सुधीर उठून गॅलरीत गेला. मी सौ.कडे बघितलं. ती वाटीतलं श्रीखंड ढवळत होती. वर बघितलं नाही. ॲप्रन दर शनिवारी तीच धुते. खिसे तपासल्याशिवाय ती काही पाण्यात टाकत नाही.

अ.ने बाटली उचलली, उजेडात धरली. "आणि एक विचारायचं राहिलं. तुमच्या स्वतःच्या साखरेला यातली कितवी देतात हो, बाबा? की त्याला डॉक्टरची लागते?"

कपाटात माझी गोळ्यांची पाकिटं आहेत. कधी चुकवली नाहीत. सकाळी एक, रात्री एक.

 

७ नोव्हेंबर

सौ.ला विचारलं, तुला केव्हा कळलं?
"नळ सोडून रडत होती त्या रात्री. तुम्ही झोपलात, मग बोलली."
"मला का नाही सांगितलंस?"
"जिथे अक्कल नाही तिथे हात घालू नये ना."

ताटात भात वाढून गेली. तूप पण वाढलं. नेहमीएवढंच.

९ नोव्हेंबर, शनिवार

शॉपमध्ये एक गेज परत आलं. गिऱ्हाईकाची तक्रार, रीडिंग खोटं. उघडून बघितलं तर यंत्र ठीक. काचेवर बोटांचे ठसे. काटा अडकतोय वाटलं की लोक डायलवर टिचक्या मारतात. मारून मारून काटाच वाकलेला.

पोरं विचारत होती, साहेब, काय झालं त्याला? म्हटलं, काही नाही. ठेव बाजूला.

संध्याकाळी अ.ची नि माझी जिन्यात गाठ. बाजूला होऊन वाट दिली. शिर्के वहिनींना देते तशी.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पेचकस आणि चार मोठे स्क्रू खिशात टाकून कॉलेजात गेलो. लोपीस मॅडम एकट्या होत्या, डबा खात होत्या. म्हटलं, काही बोलायला नाही आलो. ती बिजागरी बसवून देतो, पाच मिनिटांचं काम.

"राहू द्या."
"घासतंय दार."
"घासू दे, काका. दार घासलं की आतलं मूल आधी डोळे पुसतं. मग तुम्ही आत येता."

पेचकस खिशात. डब्यातलं केळ्याचं काहीतरी पुढे केलं त्यांनी, "घ्या, वाडीतलंच आहे," मग आठवून हात मागे घेतला. "तुम्हाला साखर चालत नाही, नाही का."

विचारलं, ती माझ्याबद्दल बोलते का काही? तुमच्यापाशी? चांगलं, वाईट. वाईट असलं तरी चालेल.

"तुम्हाला माहितेय मी काय उत्तर देणार."

हो. माहीत होतं. जाताना खिळ्यावरची रॅकेट दिसली. क्षणभर वाटलं, हातात घेऊन बाहेर पडावं. बाहेर पोरं होती. घेतली नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

माणिकपूरची तारीख. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरातलं एक माणूस बरोबर हवं, मुलगी कशी असते ते सांगायला. मी रजा टाकून ठेवली होती, शर्टाला इस्त्री केली होती. कुठल्या दिवशी जेवली, कुठल्या दिवशी नाही, गरगर कधी, रडणं कधी, माझ्याइतकं कुणाला सांगता येणार? सगळं टिपलेलं आहे. सगळं खरं आहे. आणि त्यातल्या एकाही ओळीचा डॉक्टरला उपयोग नाही.

अ. सौ.ला म्हणाली, "आई, चल." सौ.ने साडी बदलली. गालाला हात न लावता गेल्या दोघी.

दिवसभर घरी होतो. पेटी खाली काढली. बाराच्या बारा बाटल्या पुसल्या. सहाची रिकामी केली. धुऊन उपडी घातली. पेटीत ते भोक तसंच ठेवलं.

सात वाजता आल्या. अ.च्या हातात पिशवी, पारदर्शक. भावेशची. खालूनच घेतल्या होत्या, भर संध्याकाळी, शिर्के वहिनी तिथे उभ्या असताना. सौ. म्हणाली, चालूच ठेवायच्यात, पुढचं पुढे बघू म्हणाले. आणखी काय म्हणाले? "तिला विचारा."

विचारलं नाही.

जेवणं झाली. मी उठणार तोच अ.ने पाकीट माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. आणि तळहात पुढे केला. खाली डाव्याचा आधार.

"मी देऊ?"
"द्या."

पाकीट नवीन. मागची चांदी अंगठ्याने दाबली, सुटेना. माझी बोटं गेली तीस वर्षं केसाएवढे स्क्रू फिरवतात. दुसऱ्यांदा दाबली तेव्हा निघाली. तिच्या हातावर ठेवली.

तिने गोळी उचलली. पेला बाजूलाच होता, तो घेतला नाही. माझ्याकडे बघत गोळी आधी जिभेच्या टोकाला लावली. थांबली.

तोंड वाकडं झालं.

मग पाणी प्यायली. पाकीट उचलून आपल्या खिशात ठेवलं आणि आत गेली. उद्याचं काही बोलली नाही.